डुबकोजीचं मत

बसा बरं नीट. मागच्यांनी ढकलाढकली करायची नाही. आणि कानात जे काही खुपसलं असेल ते काढून ठेवा, कारण गोष्ट कानांचीच आहे.

एका जंगलात एक नदी होती, आणि नदीत होता एक खोल डोह. त्या डोहाकाठी डुबकोजी नावाचं पाणमांजर राहायचं. पाणमांजर म्हणजे पाण्यात पडलेलं मांजर नव्हे. हा वेगळा प्राणी. मासे खातो, सुरेख पोहतो आणि मिशांना फार जपतो.

डुबकोजीला लव्हाळी नावाची बायको होती आणि नुकतेच डोळे उघडलेली पिल्लं होती. त्यांचं बीळ जांभळीच्या मुळांखाली होतं. बिळाचं दार पाण्याच्या आत उघडायचं. डोह भरलेला असला की दार पाण्याखाली, आणि पिल्लं सुखरूप. पाणी उतरलं की दार उघडं, आणि मग कोणीही तोंड घालावं.

कोणीही म्हणजे कोण? तरस.

आता पंचाईत अशी, की जंगलाचा कारभारही तरसाकडेच होता. त्यांना सगळे तरसोजीराव म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावर सदा हसू. तरसाला हसायला काही कारण लागत नाही. पण प्राण्यांना वाटे, आपला कारभारी किती प्रसन्न!

तरसोजीरावांना एकच गोष्ट करता येत नसे. नदीचं पाणी वळवायचं तर सगळ्या जंगलाचं मत घ्यावं लागे, असा रिवाज होता. प्रत्येक प्राण्याला एक मत. वडाखाली यायचं आणि दगडावर पान ठेवायचं. हिरवं पान म्हणजे हो, वाळकं पान म्हणजे नाही. मत एकदा दिलं की दिलं.

एक दिवस जंगलात टकाचोर आला.

हसू नका. टकाचोर नावाचा पक्षी खरंच असतो. लांब शेपटीचा, मंजुळ आवाजाचा. नाव त्याला मी ठेवलेलं नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं बघून ठेवलं असणार.

टकाचोरानं शंख आणले होते. चकचकीत, काळे आणि पांढरे. कानाला लावले की त्यातून जगभरच्या बातम्या ऐकू यायच्या. उन्हात ठेवले की पुन्हा ताजेतवाने.

डुबकोजीनं त्या दिवशीची सगळी मासळी देऊन काळा शंख घेतला.

“अहो, आणि पिल्लांनी काय खायचं?” लव्हाळीनं विचारलं.

“अगं, जग कुठं चाललंय! आणि तू मासळी घेऊन बसलीस!” डुबकोजी म्हणाला.

मासळी घेऊन ती बसली नव्हती. मासळी टकाचोर घेऊन गेला होता. पण ते असो.

शंखातून पहिली बातमी आली. पूर्वेच्या किनाऱ्यावर घडी घालता येणारा शंख निघाला आहे. शंखाची घडी कशाला घालायची, हे कोणी विचारलं नाही. मग दुसरी बातमी आली. सात डोंगरांपलीकडच्या सिंहानं नवा मुकुट घातला आहे आणि तो त्याला कानांवर घट्ट होतो. प्रत्येक बातमीनंतर एक गोड आवाज म्हणायचा, “यावर आपलं मत द्या.”

डुबकोजी गोंधळला. त्याला आजवर कोणी मत विचारलंच नव्हतं. घरात लव्हाळी सांगायची आणि तो करायचा.

त्यानं घसा खाकरून शंखात तोंड घातलं. “मुकुट सैल करावा,” तो म्हणाला.

टुंग! “आपलं मत मिळालं. आपण एक जागरूक प्राणी आहात.”

अहाहा! डुबकोजीची छाती अशी फुगली, की त्याला त्या दिवशी डुबकी मारता येईना. तो वरच तरंगत राहिला.

मग काय विचारता! डुबकोजी सकाळी डोळे उघडण्याआधी मत देऊ लागला. घडीच्या शंखाला बिजागरी असावी का? देवमाशांच्या राज्यात सरकार पडेल का? मधमाश्यांनी राणी निवडून द्यावी का? ज्या प्राण्यांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या राजकारणातलं त्याला सगळं कळू लागलं. वरच्या अंगाला आपल्याच नदीच्या काठावर कोण काय खणतंय, हे तेवढं कळत नव्हतं.

त्याचा शेजारी होता मुसंडीराव, रानडुक्कर. पूर्वी दोघं संध्याकाळी काठावर बसून काही न बोलता चिखल बघायचे. दोस्ती म्हणतात ती हीच. आता मुसंडीरावानं पांढरा शंख घेतला.

“काळ्याचा आवाज घोगरा आहे,” मुसंडीराव म्हणाला.

“पांढऱ्यावर डाग पडतात. आणि चिखलात लोळणाऱ्यानं पांढरा घेऊ नये, हे माझं मत नाही, पण मत विचारलंस तर तेच आहे,” डुबकोजी म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. सगळ्या जंगलाचेच दोन तट पडले. काळ्यांची पोरं पांढऱ्यांच्या पोरांशी खेळेनात. एका सशाचं लग्न मोडलं, कारण नवरी पांढऱ्यातली निघाली.

लव्हाळीनं मात्र शंख घेतला नाही. तिचे कान पिल्लांनी चावून लाल केले होते, त्यांवर आणखी काय ठेवणार?

“अहो, पाणी थोडं उतरलंय हो. दाराची वरची कड दिसायला लागलीय,” ती एकदा म्हणाली.

“श्श! शहाणा शंख येतोय. आपण झोपलो तरी आपल्या वतीनं तो मत देणार,” डुबकोजी म्हणाला.

“मग तुम्ही काय करणार?”

या प्रश्नावर डुबकोजीला काही मत सुचेना. शंखानं तो विचारलाच नव्हता.

झालं होतं असं. सगळ्या जंगलाची मतं वरच्या अंगाला एका भल्याथोरल्या शंखात जमा होत होती. त्याचं नाव महाशंख. आता इतकी मतं एका ठिकाणी कोंबली की काय होणार? तो तापायचा. आणि तो तापला की सगळ्यांचे शंख तापायचे. डुबकोजीच्या कानाला फोड आला. मुसंडीरावाचा कान भाजून निघाला.

एका सकाळी गोड आवाजानं विचारलं, “आपला शंख गार असावा का? हो किंवा नाही. आपलं मत द्या.”

बाळांनो, त्या दिवशी जंगलात चमत्कार झाला. काळे आणि पांढरे पहिल्यांदा एक झाले. डुबकोजी ओरडला, “हो!” पलीकडून मुसंडीराव ओरडला, “हो!” ससे ओरडले, माकडं ओरडली. सगळीकडे टुंग टुंग टुंग झालं. डुबकोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. एकी म्हणतात ती हीच, असं त्याला वाटलं.

डोळ्यांत आलं तेवढंच. डोहातलं आणखी उतरलं.

थोड्याच दिवसांत दवंडी आली. नदी महाशंखाकडे वळवायची किंवा कसं, यासाठी वडाखाली मत घेतलं जाईल.

लव्हाळीनं डुबकोजीच्या कानावरचा शंख ओढून काढला. “नदी वळली तर दार उघडं पडेल. तरसाची पोरं रोज काठावर हुंगून जातात. मी रात्र रात्र दारात आडवी पडते. तुम्हाला कळतंय का काही?” ती म्हणाली.

डुबकोजीनं बिळात पाहिलं. पिल्लं एकमेकांवर पाय टाकून निजली होती. दाराच्या कडेवर पाणी नव्हतं, आणि ओल्या चिखलात पंजाचा ठसा होता. तो पंजा पाणमांजराचा नव्हता. डुबकोजी भ्याला. खराखुरा भ्याला. बायको महिनाभर एकटी हे भय सांभाळत होती, याची त्याला शरम वाटली.

“चल,” तो म्हणाला आणि त्यानं चांगलं करकरीत वाळकं पान शोधून तोंडात धरलं.

वाटेत मुसंडीराव भेटला. त्याच्याही तोंडात वाळकं पान होतं. दोघं एकमेकांकडे बघून किंचित हसले. सगळं जंगल वाळकी पानं घेऊन निघालं होतं.

वडाखाली मतदानाचं काम बगळ्याकडे होतं. शुभ्र पांढरा, एका पायावर उभा आणि डोळे अर्धे मिटलेले.

“नाव?” बगळ्यानं विचारलं.

“डुबकोजी. मत द्यायला आलोय,” तोंडातलं पान हातात घेत तो म्हणाला.

“तुमचं मत दिलेलं आहे.”

“कधी?”

“शंखात. ‘गार असावा का?’ तुम्ही ‘हो’ म्हणालात. मोठ्यानं म्हणालात.”

“अहो, ते मत वेगळं!” डुबकोजी म्हणाला. “ते मत म्हणजे आपलं... मत!”

“आणि हे?”

“हे मत म्हणजे मत!”

बगळ्यानं एक डोळा पुरता उघडला. “परत सांगा.”

डुबकोजीनं परत सांगितलं. परत तेच झालं. त्यानं हात नाचवले, मिशा फेंदारल्या, ‘मत’ एकदा बारीक आवाजात आणि एकदा जाड आवाजात म्हणून दाखवलं. शब्द काही बदलेना.

“महाशंख गार करायचा तर पाणी लागणार. ‘हो’ तुम्हीच म्हणालात. आणि रिवाज काय सांगतो? एका प्राण्याला एक मत,” बगळा म्हणाला. “तुम्ही सिंहाच्या मुकुटावर दिलंत, मधमाश्यांवर दिलंत, बिजागरीवर तर तीनतीनदा दिलंत. खरं तर दंडच बसायचा. पण तरसोजीराव मनानं मोठे आहेत. त्यांनी बाकीची मतं रद्द करून फक्त गारव्याचं धरलंय. पुढचा या!”

पुढचा मुसंडीराव. त्याचंही दिलेलं होतं. सशांचं दिलेलं होतं. माकडांची इतकी होती, की बगळा कंटाळून नुसती मान हलवत राहिला. सगळ्यांनी आपापलं वाळकं पान खाली टाकलं. कोणी कोणाकडे बघेना.

फक्त लव्हाळीचं मत शिल्लक होतं. तिनं वाळकं पान दगडावर ठेवलं. दगडावर ते एकटंच होतं.

तरसोजीराव हसले. “बघा! आपल्या जंगलात विरोधालाही जागा आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी पान तिथंच राहू द्यायला सांगितलं.

नदी वळली. डोहाचं डबकं झालं. बिळाचं दार उन्हात उघडं पडलं. अंधार व्हायच्या आत लव्हाळीनं एक पिल्लू तोंडात धरलं, बाकीची डुबकोजीच्या पाठीवर घातली आणि दोघं माळ तुडवत निघाले. मधूनमधून खाली उतरवलेल्या पिल्लांचे पाय तापलेल्या मातीत पोळत होते. सगळ्यात धाकटं वाटेत एका खड्ड्यापाशी निपचित पडलं, ते उठलं नाही. लव्हाळी त्याला चाटत बसली. डुबकोजीनंच तिला उठवलं, आणि उठवताना तो ढसाढसा रडला. शंख तर त्यानं डबक्याकाठीच टाकला होता.

माळापलीकडे दुसरी नदी होती. भरपूर पाणी, काठावर दाट झाडी, मुळांखाली रिकामं बीळ. पिल्लं पाण्यात पडली आणि पोटभर प्याली. डुबकोजीनं मनाशी शपथ घेतली. आता काही झालं तरी कुठंही, कशावरही, कोणालाही मत द्यायचं नाही.

तेवढ्यात झाडीतून एक बगळा आला. तोच नव्हे, पण तसाच. शुभ्र पांढरा, एका पायावर उभा राहणारा.

“पाहुणे का? या, या,” बगळा अदबीनं म्हणाला. “आमच्याकडेही महाशंख बसवायचं चाललंय. पाणी थोडं वळवावं लागेल. इथं पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला विचारतोय. आपलं काय मत?”

लव्हाळी पिल्लांना धुवत होती. तिनं झटकन मान वर केली.

डुबकोजीनं दोन्ही हात जोडले. पोळलेला शहाणा होतो तसा तो शहाणा झाला होता. अगदी नम्रपणे, हसून, मान झुकवून तो म्हणाला, “आमचं काही म्हणणं नाही.”

“छान!” बगळा म्हणाला आणि झाडीकडे तोंड करून ओरडला, “पाहुण्यांचं काही म्हणणं नाही! मंजूर!”

झाडीतून कोणीतरी हसलं.

लव्हाळी नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं ओल्या पिल्लांना पाण्याबाहेर काढलं आणि पुन्हा एकेकाला उचलायला सुरुवात केली.

तात्पर्य : मत उधळलं तरी ‘हो’ होतं आणि जपून ठेवलं तरी ‘हो’च होतं. म्हणून, बाळांनो, त्याची फार चिंता करू नका. शंख घेताना रंग मात्र नीट पारखून घ्या. तेवढं तुमच्या हातात आहे.