पेंढारकरांचं बारावं सर्टिफिकेट

पेंढारकरांच्या घरी चहा नंतर मिळायचा, आधी भिंत वाचावी लागायची. लखनऊच्या महानगर वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, जिथे इतर लोक देवाचा नाहीतर वडिलांचा फोटो लावतात, तिथे वेल्डिंग, बॉयलर, हायड्रॉलिक्स, रेफ्रिजरेशन अशी अकरा सर्टिफिकेटं फ्रेम करून टांगलेली. पाहुणा घाईने पुढे सरकला, तर ते त्याला कोपराला धरून मागे आणत. "बॉयलर राहिला तुमचा."

ते रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर, वय सत्तावन्न. पत्नी जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन जबलपूरला. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. सरकारी कारकुनीत केस पांढरे केलेला माणूस. स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा हे अजून बायकोला विचारतो. माझ्याकडे टायपिंगचं सर्टिफिकेट आहे असं एकदा चुकून बोलून गेलो, तर त्यांनी ते घरून आणायला लावलं, उजेडात धरून वाचलं आणि म्हणाले, "मोहनराव, दिसता तितके तुम्ही वाया गेलेले नाही."

आमचा सुमित मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला गेला, तसे ते रोज संध्याकाळी येऊ लागले. "नुसती डिग्री म्हणजे कच्चा साबुदाणा रे. सर्टिफिकेट घेतलंस की त्याची खिचडी होते!"

सुमित लखनऊचाच. मराठी कळतं, उत्तर हिंदीत. "अंकल, आप तो ग्यारह प्लेट खा चुके. पेट नहीं भरा?"

"नाही भरलं!" म्हणत पेंढारकरांनी जवळच्याच कपूरथला चौकातल्या कॉम्प्युटर क्लासात सुमितबरोबर स्वतःचंही नाव घातलं. कॉम्प्युटरवर मशीनची ड्रॉइंगं काढायची, कोर्स तीन महिन्यांचा.

क्लासला ते टाय बांधून जात. खिशात टोक काढलेल्या चार पेन्सिली, कॉम्प्युटरचा काय भरवसा म्हणून. माउस त्यांच्या हातून सटकून टेबलाखाली जायचा. पण कुठलाही पार्ट वरून कसा दिसेल, बाजूने कसा दिसेल, हे ते डोळे मिटून सांगत. त्यामुळे पोरं त्यांच्याभोवती गराडा घालून बसत, समोशांसकट.

परीक्षेच्या आठवड्यातच सुमितला एका कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं. सर्टिफिकेट सोबत आणावे, अशी अट. परीक्षा शनिवारी, मुलाखत सोमवारी. दोघांत एक कॉम्प्युटर, पहिला तास सुमितचा, दुसरा पेंढारकरांचा. मी देव पाण्यात घालून बसलो.

शनिवारी सुमित सर्टिफिकेट नाचवत आला. मागोमाग पेंढारकर, टाय खिशात. "आम्ही नापास! माउस ऐकतच नाही हो माझं." मी हसलो. वर "या वयात व्हायचंच" असं शहाणपणही सांगितलं.

ते गेल्यावर सुमित म्हणाला, "पापा, अंकल ने इम्तहान दिया ही नहीं."

झालं होतं असं की सुमितचं ड्रॉइंग संपत आलं आणि बत्ती गेली. सेव्ह केलेलं नव्हतं, सगळं पुसलं गेलं. वीज आली तोवर पेंढारकरांचा तास सुरू झालेला. त्यांनी सुमितला आपल्या जागी खुर्चीत बसवलं, "मुझे चक्कर आ रहा है" असं सरांना सांगितलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मी तसाच माफी मागायला शेजारी गेलो. ते बुटांना पॉलिश करत होते.

"माफी कसली? परीक्षा बुडली की कोर्स पुन्हा पहिल्यापासून, नियमच आहे. सोमवारी नवी बॅच. आपली काही पोरं सरावाला येतातच अजून." चेहरा बघाल तर पहिला नंबर आल्यासारखा.

मग हातातला बूट त्यांनी खाली ठेवला. "मागच्या महिन्यात तापाने दोन दिवस पडून होतो, मोहनराव. तिसऱ्या दिवशी सात पोरं सायकली घेऊन दारात. 'अंकल, कहाँ रह गए थे?' म्हणाली."

ताप! मला तर पत्ताच नव्हता.

"सहा वर्षांत हे विचारलं नव्हतं हो कोणी," ते म्हणाले.

मी दुसरा बूट उचलला आणि पॉलिश करायला घेतला.