थोरल्या बाईंची डॉक्युमेंटरी

नात कापडाच्या टेबलावर बसून रडत होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून टपकणारं पाणी थेट शाळेच्या निळ्या स्कर्टवर पडत होतं. थोरल्या बाईंनी कात्री खाली ठेवली. घरात काही वाईट घडलं असतं तर ते आधी त्यांच्या कानावर आलं असतं, कारण त्यांना विचारल्याशिवाय या घरात काही घडायची पद्धत नव्हती. म्हणजे रडण्याचं कारण फोनमध्ये होतं.

"आधी कापडावरून ऊठ, मग रड," त्या म्हणाल्या. "डाग पडला तर तो तुकडा तुझ्याच फ्रॉकला लावीन."

"आजी, अगं हिचा गुडघा सुजलाय, तरी ही नाचतेय."

नातीनं फोन पुढं केला. के-पॉपच्या त्याच पाच कोरियन पोरी, ज्यांच्या गाण्यांनी घर रोज सकाळी दणाणायचं. पण आज गाणं नव्हतं, त्या पोरींवर काढलेली डॉक्युमेंटरी होती. त्यातली एक मोटारीच्या मागच्या सीटवर, काचेला डोकं टेकवून मुसमुसत होती. मागं व्हायोलिन वाजत होतं.

"एकटीच आहे का गाडीत?"

"हो ना. कुणीसुद्धा नाही बिचारीला."

"मग हे चित्रण काय गाडीच्या आरशानं केलं?"

नात चिडली. "तुला ना, काही कळत नाही. गाणं एवढंसं असतं, पण त्याच्यामागं केवढी मेहनत आहे ते यात दिसतं. ती उपाशी राहते, पाय सुजेपर्यंत सराव करते. आणि लोकांसमोर हसते ना, तेव्हाच तिला आतून सगळ्यात जास्त दुखत असतं."

"उपाशी कोण ठेवतं तिला?"

"कंपनी."

"अन् ही फिल्म कुणी काढली?"

"कंपनीनंच."

"म्हणजे चटका देणारे तेच, फोड दाखवणारे तेच, आणि तू डोळे पुसून गाणी ऐकणार ती पण त्यांचीच. या कंपनीला आपल्या दुकानात कामाला ठेवायला पाहिजे. चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही."

सूनबाई इंटरलॉकच्या मशीनवर बसल्या बसल्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "सासूबाई, शाळेकडून काही निरोप?"

निरोप नव्हता, आणि घराचा जीव त्यातच अडकला होता. घराच्या पुढच्या खोलीतलं हे शिवणाचं दुकान शाळेच्या गणवेशांवर चालायचं. बाकीची कामं म्हणजे नुसती किनार. यंदा मात्र समोर काचेच्या दाराचं रेडीमेडचं दुकान आलं होतं. दारात हात पसरलेले पुतळे आणि आत मालक, तोही तसाच हात पसरून उभा. मुख्याध्यापिकांनी दोघांकडूनही नमुने मागवले होते.

"आपण आपली डॉक्युमेंटरी काढू," नात म्हणाली. "लोकांना मेहनत दिसली की समोर कोण जाईल?"

"मला रडगाणं नकोय."

"रडगाणं कुठं? खरं काम दाखवायचं."

खरं काम दाखवायला थोरल्या बाईंची ना नव्हती. आपलं काम जगानं बघावं असं त्यांना पहिल्यापासून वाटायचं. जगालाच उशीर होत होता.

जावयाला बोलावलं. तो लग्नांचं शूटिंग करायचा. नवरीच्या बापाचे डोळे कोरडे राहिले तर हा त्याला बाजूला नेऊन दोन शब्द बोलायचा आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर सोडायचा, अशी त्याची ख्याती होती. तो आला तो दिवे, छत्र्या, कॅमेऱ्याची तिकाटणी घेऊन, आणि आल्या आल्या मोटरची दोन्ही मशीनं त्यानं बाहेर पडवीत ठेवायला लावली.

"त्यांच्यावर तर काम चालतं, जावईबापू."

"काम चालतं हो आई, पण दिसत नाही. माळ्यावर ते जुनं पायडलचं आहे ना, ते काढा."

त्या मशीनचा पट्टा उंदरांनी कधीच खाल्ला होता. तरी ते खाली आलं. मग चष्म्यात दिवा चमकतो म्हणून चष्मा काढायला लावला. मग सुईत दोरा ओवायला सांगितलं. चष्म्याशिवाय थोरल्या बाईंना सुई आणि टाचणी सारखीच दिसायची, त्यामुळं दोरा सुईला सोडून सगळीकडं गेला. जावई म्हणाला, "छान, चालू द्या." दिवा डोळ्यांत होता म्हणून डोळ्यांना धार लागली. जावई म्हणाला, "पुसू नका." बसून बसून पायाला मुंग्या आल्या म्हणून त्या लंगडत उठल्या, तर तो त्यांच्या पायांमागून गुडघ्यावर रांगत आला. सूनबाईंनी इस्त्रीच्या वाफेनं घामेजलेलं तोंड पदरानं पुसलं, तेही त्यानं टिपलं.

जावयाला तोंडावर बोलायचं नाही हा थोरल्या बाईंचा एकच नियम होता, आणि तोच नडला.

फिल्म जोडायचं काम नातीनं केलं. व्हायोलिनही तिनंच घातलं. घरच्यांना दाखवायच्या आत ती फिल्म गावभर फोनमधून फिरली. थोरल्या बाईंनी पाहिली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "ही म्हातारी कोण?"

"तूच आहेस की, आजी," नात हुंदका गिळत म्हणाली. स्वतः घातलेल्या व्हायोलिनवर ती स्वतःच रडत होती.

"मी आंधळी आहे?"

"असं कुठं म्हटलंय? यात एक तरी गोष्ट खोटी आहे का सांग."

थोरल्या बाईंनी पुन्हा पाहिली. सुई त्यांचीच, पाणी त्यांच्याच डोळ्यांतलं, लंगडा पायही त्यांचाच. सगळे तुकडे खरे, पण उलटसुलट जोडून अंगरख्याचा पायजमा केलेला.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू आल्या आणि शिवायला टाकलेलं रेशमी कापड हळूच उचलायला लागल्या. "राहू दे हो मावशी. तुमच्या डोळ्यांना कशाला त्रास."

"माझे डोळे चांगले आहेत."

"हो हो, आहेतच," काकू म्हणाल्या, आणि त्यांचेच डोळे भरले. कापड मात्र त्यांनी सोडलं नाही.

मग एकामागून एक गिऱ्हाइकं आली. येताना फळं आणायची, जाताना आपलं कापड न्यायची. कुणी डोळ्यांत घालायचे थेंब ठेवून गेलं. थोरल्या बाई रस्त्याच्या कडेला कुणाची वाट बघत उभ्या होत्या, तर एका भल्या माणसानं त्यांचा हात धरून त्यांना पलीकडं नेलं. त्यांना पलीकडं जायचंच नव्हतं. त्यानं त्यांना नेऊन सोडलं ते नेमकं रेडीमेडच्या दारात. मालकानं धावत येऊन खुर्ची दिली.

"बसा मावशी. पाणी देऊ?"

"पाणी कशाला देतोस, गिऱ्हाईक दे," त्या म्हणाल्या. मालकाला ते फार लागलं असावं, कारण तोही नाक ओढायला लागला.

यावर उपाय म्हणून त्या मोटरचं मशीन दारात मांडून बसल्या. चष्मा लावून, जाणाऱ्या-येणाऱ्याकडं बघत, एका झटक्यात दोरा ओवायच्या आणि हसायच्या.

"बघ कशी हसतेय," एक बाई दुसरीला म्हणाली. "आतून किती दुखत असेल."

"आणि दोरा?"

"सवय गं. अंदाजानं ओवते."

थोरल्या बाई घरात आल्या आणि नातीसमोर उभ्या राहिल्या. "दुसरी काढ. आत्ताच्या आत्ता. मी सांगते ते घ्यायचं, व्हायोलिन घातलंस तर तुझ्या त्या पाचही पोरींना घराबाहेर काढीन."

दुसऱ्या फिल्ममध्ये त्या कॅमेऱ्याकडं रोखून बघत स्पष्ट बोलल्या. डोळे शाबूत आहेत, पाय शाबूत आहे, मशीनला मोटर आहे, आणि मला कुणाची दया नको. ती पहिलीपेक्षा जास्त फिरली. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'किती स्वाभिमान', 'दुःख लपवावं तर असं', 'पाहवलं नाही'.

"आता हे कसं उसवायचं?" सूनबाईंनी विचारलं. थोरल्या बाईंनी सूनबाईंची टीप वाकडी आहे असं सांगितलं. टीप सरळ होती.

तेवढ्यात शाळेचा निरोप आला. पालकसभेत थोरल्या बाईंचं कौतुक करायचं ठरलं होतं, आणि त्यांना आता विश्रांती मिळावी म्हणून यंदाचे गणवेश रेडीमेडवाल्याकडून घ्यायचं ठरलं होतं. मुख्याध्यापिका फोनवर सांगता सांगताच गहिवरल्या. म्हणजे भाकरी काढून घेतली आणि वर फूल ठेवलं.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत रेडीमेडवाला नवा शर्ट घालून बसला होता. पडद्यावर फिल्म लागली, पहिलीच, व्हायोलिनवाली. दिवे लागले तेव्हा ओळीच्या ओळी रुमालात होत्या. मुख्याध्यापिकांनी फुलांचा गुच्छ दिला आणि थोरल्या बाईंना बोलायला सांगितलं.

"मी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या.

सभागृहात हुंदका फुटला.

"मला काम करायचंय."

दुसरा फुटला, मोठा.

थोरल्या बाईंनी चष्मा नाकावर सारखा केला आणि एकेकाकडं बघायला सुरुवात केली. गोड बोलून एवढं नुकसान झालं होतं, की आता गोड बोलायचं कारण उरलं नव्हतं.

"तू का रडतेस गं, खिडकीपाशी बसलेली? पोराच्या पँटची उंची तीनदा बदलायला लावलीस. म्हटलं पोरगा वाढतोय का आखडतोय? आणि माप द्यायला तू कधी वेळेवर आलीस ते सांग."

खिडकीजवळच्या बाईचा रुमाल खाली आला. "मावशी, माझा मुलगा आजारी होता तेव्हा."

"दर वर्षी त्याच आठवड्यात आजारी पडतो होय? आणि हे, मागं उभे आहेत ते. स्वतःच्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून दुकानात येऊन माझ्या सुनेला काय काय बोललात. बटण कुठं सापडलं? तुमच्याच खिशात. आज डोळे पुसताय. तेव्हा माफी मागितली असती तर आज रुमाल तरी ओला झाला नसता."

"ते बटण तुम्ही नीट लावलंच नव्हतं," मागचे गृहस्थ लाल होऊन म्हणाले. रडणं त्यांच्या लक्षातून पार गेलं होतं.

"पोटाला पुरेल असं माप द्यायचं होतं, श्वास ओढून कशाला उभे राहिलात?"

कुणीतरी हसलं. मग खिडकीजवळची बाई उठून भांडायला लागली, तिला दुसरीनं साथ दिली, तिसरीनं आपल्या ब्लाउजच्या मुंढ्याची जुनी तक्रार काढली. थोरल्या बाईंनी तिघींना एकदम उत्तर दिलं. सभागृहात एकही डोळा ओला राहिला नाही. जिच्याशी भांडण सुरू आहे तिची दया कुणाला येते? सगळ्यांना ओळख पटली. हीच ती. हिच्याच दारात आपण इतकी वर्षं घाबरत माप द्यायला उभे राहतो.

"आणि बाई, तुम्ही," त्या मुख्याध्यापिकांकडं वळल्या. "गेल्या वर्षी कॉलर मोठी करा म्हणालात, केली. मग लहान करा म्हणालात, केली. या वर्षी आधी ठरवा, मग सांगा."

मुख्याध्यापिका एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "कॉलर लहानच. शाळा सुरू व्हायच्या आत सगळे मिळतील का?"

"मापं सोमवारपासून. उशिरा येणाऱ्याला शिवणारी दुसरी बाई शोधावी लागेल."

झालं. गणवेश परत आले, खेळाच्या टी-शर्टांसकट, आणि पाठोपाठ काकूंचं रेशमी कापडही आलं, चोरून आणल्यासारखं गुपचूप.

आठवडा गेला नाही तोच नात फोन घेऊन आली. तिचा चेहरा पडला होता. "आजी, समोरच्यानं पण फिल्म काढली. आणि आजी, शूटिंग काकांनी केलंय."

"आपल्या जावईबापूंनी?"

"ते म्हणाले, धंदा आहे. व्हायोलिन मीच जोडून दिलं. मला वाटलं नुसती जाहिरात आहे."

"आण इकडं. कुठं कुठं थाप मारलीय ते मी सांगते."

फिल्ममध्ये रेडीमेडवाला रिकाम्या दुकानात एकटाच बसला होता. "दुकान काही रिकामं नाही," थोरल्या बाई म्हणाल्या, "दुपारी जेवायला बंद असतं तेव्हाचं आहे." त्यानं डोळे मिटले. "दिवा तोंडावर मारलाय." त्यानं शाळेचा एक लहानसा टी-शर्ट लहान मुलाच्या पुतळ्याला घातला, तो खाली ओढून सारखा केला, आणि उगीचच पुतळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मागून टाचण्या लावल्यात, नाहीतर इतका नीट बसतोय कसला," त्या म्हणाल्या. व्हायोलिन सुरू झालं. थोरल्या बाईंनी चष्मा सारखा करून फोन जवळ ओढला.

"आजी, सगळं खोटं आहे. मी स्वतः जोडलंय," नात म्हणाली.

"मला काय सांगतेस? दिसतंय की."

"मग?"

"मग काय. परत लाव."

परत लावली. दुसऱ्यांदा संपल्यावर थोरल्या बाईंनी गळ्यातल्या टेपनं डोळ्याचा कोपरा टिपला आणि शाळेत फोन लावला.

"बाई, मी बोलतेय. गणवेश माझे. पण ते खेळाचे टी-शर्ट समोरच्याकडून घ्या. नाही, दया-बिया काही नाही. ते ताणणारं कापड मला जमत नाही."

सूनबाईंचं मशीन थांबलं. जमत नाही हे शब्द या घरात याआधी कधी कुणी ऐकले नव्हते. "सासूबाई, तुम्हाला जमत नाही काय? सगळ्या टी-शर्टचं कापड आणून ठेवलंय आपण. अर्धं तुम्हीच कापलंय."

"तू काजं बघ," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि कापलेले तुकडे टेबलाखाली ढकलले.