गावचं पाणी गोड का खारं?

निमकर सरांकडे कोणी पहिल्यांदा आलं, की नाव विचारायच्या आधी ते विचारतात, "गावचं पाणी गोड का खारं?" कुरियरवाला असो की जवळच्या चौमूंहून येणारा प्लंबर, कोणाची सुटका नाही. आमच्या मुलीला बघायला मंडळी आली, तेव्हा सर सहज म्हणून वरच्या मजल्यावरून उतरले आणि होणाऱ्या व्याह्यांना तेच विचारून बसले. व्याह्यांनी हातातला पेला खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

सर मूळचे अमरावतीचे, भूगोलाचे प्राध्यापक. जयपूरला नोकरी केली, इथेच निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी आम्ही आदर्श नगरातल्या या घरात आलो, तेव्हा ते वरती एकटेच राहत होते आणि थरच्या वाळवंटाचा नकाशा करत होते. इकडचा राजस्थानातला थर आणि सीमेपलीकडचा सिंधमधला थर, दोन्ही एकत्र, इंटरनेटवर. त्यात किल्ले नाहीत, हॉटेलं नाहीत, फक्त विहिरी. निळा ठिपका गोड्या पाण्याचा, तांबडा खाऱ्या. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या विहिरीचं पाणी भरलेली बाई बोलू लागते. सीमारेषा नियमाप्रमाणे काढलेली आहे. ठिपके मात्र दोन्हीकडे एकाच मापाचे. सर म्हणतात, "विहिरीले काय माहीत न बाप्पा, ती कोणाची!"

मला अर्धवट काम बघवत नाही. मी हॉस्पिटलात रुग्णांच्या नोंदी सांभाळते. यादीशिवाय भाजीसुद्धा आणत नाही. सरांच्या नोंदी अर्ध्या वहीत, अर्ध्या बसच्या तिकिटांच्या पाठीवर. मी सगळ्या एका तक्त्यात आणल्या, आवाजाच्या फायली त्यांना जोडल्या आणि उरलेल्या कामांची यादी सरांच्या फ्रिजवर चिकटवली. एकेक काम खोडलं गेलं. अकरावं मात्र हलेना : 'आवाजातला सुरुवातीचा प्रश्न कापणे.' इकडे टिपलेल्या प्रत्येक आवाजात उत्तराआधी एक बाई ठसक्यात प्रश्न विचारायची. सरांची कोणी विद्यार्थिनी असेल, असं मी धरून चालले होते. लोकांना ऐकायची ती विहिरीवरची बाई. ही मध्ये कशाला?

"सर, अकरा नंबर?"

"करून राह्यलो न ताई. काहून घाई करता?"

नकाशा खुला व्हायचा दिवस ठरला. पलीकडे उमरकोटचे एक शाळामास्तर सरांना तिकडचे आवाज पाठवत. त्यांना सरांनी शब्द दिला होता, की पहिला ठिपका आमच्या गल्लीतल्या सोढीजींच्या माहेरच्या विहिरीचा. सोढीजी पलीकडून लग्न होऊन इकडे आल्या. यंदा अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. तिकडे म्हाताऱ्या भावाला बहिणीचा आवाज पुन्हा ऐकायचा होता.

आदल्या दिवशी दुपारी मी तक्ता शेवटचा तपासला. 'सोढीजी' हे नाव सात वेळा! एकच पेशंट सातदा नोंदवला तर आमच्याकडे काय करतात? मी एक नोंद ठेवली, सहा पुसल्या, आवाजासकट. शिवाय संगणकावरचा कचराही रिकामा केला. मी व्यवस्थित बाई आहे ना.

तासाभरात सर खाली आले. "ताई, आपल्या सोढीजी कुठी गेल्या?"

"आहेत की. एक ठेवलीय."

सर जिन्यावरच बसले. मग त्यांनी मला समजावलं. तिकडच्या राजपुतांत सुनेला नावानं हाक मारत नाहीत, माहेरच्या कुळावरून मारतात. सोढ्यांची प्रत्येक लेक सासरी सोढीजीच. सात नोंदी म्हणजे सात बायका. मी ठेवलेली तिसऱ्याच गावची होती.

"दुसरी प्रत?" मी विचारलं. आयुष्यभर लोकांना प्रत ठेवा म्हणून दटावणारी मी!

सर कठड्याला धरून उठले. म्हणाले, "एक जागा आहे. चला वर."

उशीजवळ काच तडकलेला जुना मोबाईल होता. सरांनी तो कधी कोणाच्या हाती दिला नव्हता. बटण दाबलं. "पानी मीठा है कि खारा, बाईसा?" हिंदी ते, पण पुरतं वऱ्हाडी वळणाचं. मग सोढीजी खळखळून हसल्या. "मीठो, बाई, मीठो!" माझा जीव भांड्यात पडला. सहाच्या सहा आवाज तिथे होते.

"बरं झालं बाई तुमच्या विद्यार्थिनीनं –"

"विद्यार्थिनी नाही. माह्यी बायको, मालती," सर म्हणाले. "घुंघटातल्या बाया मले काहून सांगतील? इकडचं सारं तिनंच विचारलं. ती गेल्यापासून रोज सकाळी चहासंगं एक विहीर ऐकतो."

बाहेर येताना मी फ्रिजवरचं अकरावं काम खोडलं. न करता खोडलेलं माझ्या आयुष्यातलं पहिलं काम.

दुसऱ्या दिवशी नकाशा खुला झाला. संध्याकाळी मास्तरांचा निरोप आला. सरांना चष्मा सापडेना, म्हणून मी वाचून दाखवला. भावानं बहिणीचा आवाज चार वेळा ऐकला होता, आणि खाली लिहिलं होतं : 'पूछने वाली बहनजी को बता देना, पानी आज भी मीठा है.'

चष्मा सरांच्या डोक्यावरच होता.

"सांगतो न तिले," सर म्हणाले आणि जिना चढू लागले.