ऑर्व्हिलचा बिनआवाजाचा ट्रक

स्वॉलो क्रीकच्या जंगलरस्त्यावर रेडिओची शिस्त पाळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं ऑर्व्हिल लिंडक्विस्ट छातीठोकपणे सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. रस्ता एकाच ट्रकापुरता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. म्हणून किलोमीटरची पाटी आली की प्रत्येकाने रेडिओवर हाक द्यायची. ओंडके घेऊन उतरणाऱ्याने म्हणायचं 'भरलेला, वीस', वर जाणाऱ्याने म्हणायचं 'रिकामा, आठ', आणि मग रिकाम्याने कडेच्या मोकळ्या जागेत शिरून भरलेल्याला वाट द्यायची. त्यापलीकडे कोणी हवापाण्याचं बोललं, की ऑर्व्हिल गुरकावलाच.

"हा रस्त्याचा रेडिओ आहे, तुझ्या सासरची ओसरी नव्हे."

त्या सकाळी मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पहिलं कारण विल्मा. ती खाली सॉ मिलच्या वजनकाट्यावर बसायची. कित्येक वर्षं हा तिच्या खिडकीसमोर ट्रक उभा करायचा, ती वजन सांगायची, हा 'बरं' म्हणून निघायचा. त्या 'बरं'मध्ये आपण सगळं सांगून टाकतो अशी त्याची समजूत होती. काल मात्र ती वजनापुढे एक वाक्य जास्त बोलली. "उद्या माझा शेवटचा दिवस. किनाऱ्याकडे बहिणीकडे चाललेय, कायमची." ऑर्व्हिल म्हणाला, "बरं." मग घरी जाऊन जेवलाही नाही.

दुसरं कारण हा नवा ट्रक. अर्धा डिझेलचा, अर्धा विजेचा. चढावर डिझेल इंजिन वीज तयार करायचं आणि त्या विजेवर मोटरा चाकं ओढायच्या. भरून उताराला लागला की इंजिन चक्क झोपी जायचं. ओंडक्यांच्या ओझ्याने चाकंच मोटरा फिरवायची, त्यातून बॅटरी भरायची आणि वेगही आवरला जायचा. जुन्या ट्रकचा उतारावरचा गडगडाट साऱ्या खोऱ्याला ऐकू जायचा, हा नुसता गुणगुणायचा. आज त्याची पहिलीच भरलेली खेप होती.

वरून निघताना ऑर्व्हिलने शिस्तीत 'भरलेला, बावीस' म्हटलं आणि न बघता माइक आकड्याला अडकवला. आकडा जुन्या ट्रकात होता. नव्यात तिथे काहीच नव्हतं. माइक घसरला आणि सीट नि जेवणाचा डबा यांच्या फटीत जाऊन बसला, तोही बटण दाबलेला. असं झालं की त्या एकाचं बोलणं सगळ्यांना जातं आणि बाकीच्यांची तोंडं बंद होतात. ऑर्व्हिलला यातलं काही ठाऊक नव्हतं.

इंजिन झोपलं. दरीत धुकं साचलं होतं, त्यावर लार्चची पिवळी झाडं तरंगत होती. ओंडक्यांच्या साखळ्या हळूच किणकिणत होत्या, कुठेतरी कावळा बोलला तोही ऐकू आला. बॅटरीचा काटा आपला सावकाश वर चढत होता. एवढं ओझं पाठीवर घेऊन आपण खाली चाललोय की झोपेत कुठे वाहत चाललोय, हे ऑर्व्हिलला कळेना.

"विल्मा," तो मोठ्याने म्हणाला आणि दचकला. जन्मभर तो ट्रकमध्ये स्वतःशी बोलत आला होता, पण स्वतःचा आवाज आज पहिल्यांदा कानावर पडला. तसा बरा होता.

"विल्मा, तू गेलीस तर माझं वजन कोण करणार? छे, हे तर गुरांच्या बाजारातलं झालं." थोडं थांबून तो पुन्हा म्हणाला, "विल्मा, घर माझं स्वतःचं आहे. छप्पर नवं आहे. फ्रीझर हरणाच्या मांसाने गच्च आहे. एक गुडघा गेलाय, पण दुसरा चांगला आहे. म्हणजे तसा तोही नाही, पण ते तिला सावकाश कळू दे."

पाटी आली. "भरलेला, अठरा," तोंड सवयीने म्हणालं. हात मात्र मांडीवरून उठलाच नाही.

"गिल म्हणतो, फुलं घेऊन जा. त्याचं काय ऐकायचं? पठ्ठ्याने बायकोच्या वाढदिवसाला गाडीचा जॅक नेला होता."

पुढच्या वळणावर खुद्द हरभजन गिल रिकामा ट्रक कडेला लावून उभा होता. दोन्ही हात हलवत होता, कानाला लावत होता, तोंडाकडे बोट दाखवत होता. आवाज न करणाऱ्या ट्रकचं केवढं हे कौतुक, असं म्हणून ऑर्व्हिलने त्याला सलाम ठोकला. त्याच्या खालच्या जागेत दोघे ड्रायव्हर टोप्या काढून छातीशी धरून उभे होते. त्यातला एक डोळे पुसत होता. ऑर्व्हिलला भरून आलं. आणि रेडिओ तरी किती शांत! एवढी वर्षं घसा कोरडा केला, अखेर लोकांना शिस्त लागली म्हणायची.

त्या शांततेनेच त्याचं मन सैल झालं.

"खरं सांगू, विल्मा?" तो हळू म्हणाला. "मला बोलता येत नाही. तू वजनाचा आकडा सांगतेस तेव्हा वाटतं, आपला दिवस कुणीतरी पाहिला. उद्यापासून ही लाकडं मी कुणासाठी खाली आणू?" मग मान हलवली. "नको, हे फारच झालं. छपराचंच बोलू."

मिलच्या अंगणात सगळे कामगार बाहेर उभे होते. इथवर कौतुक पोचलं तर! ऑर्व्हिलने ट्रक काट्यावर अलगद उभा केला, काच खाली केली आणि घसा खाकरला.

विल्माच्या खिडकीतला रेडिओही खाकरला.

"काय झालं?" ऑर्व्हिल म्हणाला. "काय झालं?" रेडिओ म्हणाला, आणि मग असा किंचाळला की लोकांनी कान झाकले. ऑर्व्हिलने फटीत हात घालून माइक उपसला. हातातल्या त्या काळ्या वस्तूकडे तो बघतच राहिला. छप्पर, फ्रीझर, दोन्ही गुडघे, सगळं खोरंभर पोचलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

विल्माने रेडिओ बारीक केला. "बेचाळीस टन," ती म्हणाली. वाट पाहिली. "आणखी काही?"

ऑर्व्हिलने तोंड उघडलं.

"बरं," तो म्हणाला.

अंगणातल्या साऱ्यांनी एकदम सुस्कारा टाकला. विल्माने खिडकी लावून घेतली. संपलं, ऑर्व्हिलला वाटलं. असं वाटलं, की आता हा ट्रक कुठेही न्यावा आणि कुणालाही दिसू नये.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. विल्मा कोट चढवत वर आली, जेवणाचा डबा बाजूला सारून बसली आणि त्याच्या हातातून माइक घेतला.

"वजनकाट्यावरून बोलतेय. माझं उत्तर हो आहे. शेवटी ते दिवस पाहण्याचं बोलला त्याला, छपराला नाही. येत नाही म्हणून बहिणीला मी कळवते. आता आपापले किलोमीटर सांगा, मिल खोळंबलीय."

क्षणात सारं खोरं एकदम बोलायला लागलं. त्या गोंगाटातून गिलचा आवाज आला, "ऑर्व्हिल, तो जॅक तिला आवडला होता."

ऑर्व्हिलला काही ऐकू येत नव्हतं. तो समोरच्या काचेतून धुकं बघत होता. आपण अजून त्या उतारावरच आहोत आणि हे सगळं झोपेतलंच आहे, अशी त्याची जवळजवळ खात्री झाली होती. म्हणून जागं व्हायला नको या भीतीने तो हलतही नव्हता.

"ऑर्व्हिल," विल्मा म्हणाली.

"हं."

"गाडी काट्यावरून पुढे घे. माझं वजन लाकडात धरलं जातंय."