सहा वेळा निवडून आलेले दुसरे मास्तर

"माझ्या आकड्यावर बोट ठेवणारा अजून जन्माला यायचाय!" असं तपशीलकाका दिवसातून एकदा तरी म्हणायचे. काकू तेवढ्याच नेमाने म्हणायच्या, "जन्मला असेल हो, पण तुमच्या तोंडी कोण लागणार!"

तपशीलकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. निवडणूक कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केलेला हा माणूस वेळ विचारली तर वेळ सांगायचाच, वर घड्याळ किती मिनिटं मागे आहे तेही सांगायचा. म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव.

काका निवृत्त झाले आणि तिसऱ्याच वर्षी विधानसभेच्या मतदारसंघांची नव्याने आखणी झाली. आपला मतदारसंघ रद्द! मेलेल्या माणसाचे कपडे वाटावेत तसे त्याचे तीन तुकडे शेजारच्या तीन मतदारसंघांना वाटून टाकले. आमदारसाहेबांनी निरोपाचा समारंभ ठरवला आणि काकांना बोलावून म्हणाले, "मतदारसंघाचा इतिहास लिहा. छोटीशी पुस्तिका. शेवटी निकालांचा तक्ता हवा."

काकांना आभाळ ठेंगणं झालं! दोन महिने ते जुन्या कागदांत शिंकत बसले. एकूण नऊ निवडणुका. तक्त्यात दोन रकाने : डावीकडे 'विजयी', उजवीकडे 'पराभूत'. शेवटच्या चार निवडणुका आमदारसाहेबांच्या, त्याआधीच्या दोन त्यांच्या सासऱ्यांच्या. आणि या सहाही वेळा उजव्या रकान्यात एकच नाव होतं, दुसऱ्या मास्तरांचं.

दुसरे मास्तर म्हणजे शाळेतले गणिताचे मास्तर. अपक्ष उभे राहायचे, सायकलवरून प्रचार करायचे आणि दरवेळी तीच दोन वचनं द्यायचे : नदीवर पूल आणि दवाखान्यात डॉक्टर. सहाही वेळा नंबर दुसरा. एकदा तर फक्त अकरा मतांनी पडले. पूल झाला नाही, डॉक्टर आला नाही, मास्तरांना 'दुसरे' हे नाव मात्र कायमचं चिकटलं.

मजकूर छापखान्यात गेला. चौथ्या दिवशी छापखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"काका, डावा रकाना अरुंद पडतोय. आमदारसाहेबांचं नाव पदव्यांसकट मावत नाही. नावं इकडची तिकडे करू?"

काका नेमके प्रस्तावनेतल्या एका स्वल्पविरामात अडकले होते. "करा हो, काय करायचं ते करा! तेवढा स्वल्पविराम सांभाळा!"

बाईंनी नावं इकडची तिकडे केली. मथळे जागच्या जागी राहिले. स्वल्पविरामही सांभाळला.

समारंभात पाचशे प्रती वाटल्या गेल्या. पाच मिनिटांत सभागृहात कुजबुज सुरू झाली, मग मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. आमदारसाहेबांनी व्यासपीठावरच शेवटचं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा भाजक्या वांग्यासारखा झाला.

"काका! मी पडलो?"

"छे छे साहेब, तुम्ही निवडून आलात!"

"मग हे मास्तर कोण?"

"ते पडले!"

"मग इथे ते निवडून आलेत आणि मी पडलोय, हे कसं?"

"नाव अरुंद होतं... म्हणजे रकाना अरुंद होता, साहेब!"

प्रती तिथल्या तिथे परत घेतल्या. काकांनी त्या तीनदा मोजल्या. चारशे नव्व्याण्णव! एक प्रत मास्तरांची मुलगी घेऊन गेली होती. बाबांचं नाव छापून आलंय, त्यांना दाखवावं, एवढाच तिचा हेतू.

दुसऱ्या दिवशी काका ती प्रत आणायला गेले. मास्तर चौऱ्याऐंशी वर्षांचे. वर्षभर अंथरुणाला खिळलेले, आठवण उंदरांनी कुरतडलेल्या वहीसारखी. कुठलं पान शाबूत असेल याचा भरवसा नाही.

दार उघडतानाच मुलगी म्हणाली, "काका, बरं झालं आलात. बाबा सकाळपासून रडताहेत."

"आनंदाने?"

"कसला आनंद!"

मास्तर उशीला टेकून बसले होते. पुस्तिका छातीशी घट्ट धरलेली. काकांना बघताच म्हणाले, "तपशील, मी सहा वेळा निवडून आलो?"

"मास्तर, ती छपाईची—"

"तीस वर्षं! आणि पूल कुठाय? डॉक्टर कुठाय? हिची आई त्या दवाखान्याच्या दारात गेली, तेव्हा मी आमदार होतो? मग करत काय होतो मी?"

आपल्या चुकीने माणूस रागावेल, फार तर खूश होईल, एवढंच त्यांनी धरलं होतं. ते खाटेजवळ बसले.

"मास्तर, तुम्ही पडलात."

"पडलो?"

"सपशेल! सहाही वेळा!"

"शपथ?"

"शपथ! मी स्वतः मतं मोजलीत."

मास्तरांनी डोळे पुसले. "म्हणजे पूल झाला नाही तो माझ्यामुळे नव्हे?"

"मुळीच नव्हे."

मास्तर शांत झाले आणि बसल्याजागी झोपले. पुस्तिका मात्र सोडीनात. मुलीने हळूच ओढली तर जागे होऊन ओरडले.

झालं! दुसऱ्या सकाळी मास्तर आदल्या दिवसाचं सगळं विसरले, पुस्तिका उघडली आणि पुन्हा निवडून आले. मुलीचा फोन. काका चप्पल अडकवून निघाले. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. काकू विचारायच्या, "अहो, सकाळी सकाळी कुठे?" काका म्हणायचे, "मास्तरांना पाडून येतो."

एका सकाळी मास्तरांनी विचारलं, "त्या अकरा मतांच्या वेळी कोण रे अकरा जण आले नाहीत?"

त्या निवडणुकीत काका दिवसभर कामावर होते. टपालाने मत पाठवायचा कागद हातात असून भरायचा राहिला होता.

"एक मी, मास्तर," ते म्हणाले. "दहांचं माहीत नाही."

मास्तरांनी त्यांच्या हातावर थोपटलं. "असू दे. कामात होतास."

बाराव्या सकाळी फोन आला नाही. काका तरीही गेले. दार उघडंच होतं आणि बाहेर चपला खूप होत्या.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. मुलगी पुढे बसली होती. आमदारसाहेब बोलायला उठले, तेव्हा त्यांच्या हातात पुस्तिका होती. परत घेतलेल्यांपैकीच एक! मधल्या दिवसांत साहेबांना त्या चुकीचा उपयोग कळला होता.

"हा छापील इतिहास आहे," साहेब गहिवरून म्हणाले. "सहा वेळा लोकांनी मास्तरांना निवडून दिलं. पूल राहिला, दवाखाना राहिला. माणूस आहे, राहतं काही! त्यांची अपुरी कामं मी हाती घेतली असती, पण आता मतदारसंघच उरला नाही."

टाळ्या वाजणार तेवढ्यात काका उठले.

"खोटं आहे! मास्तर निवडून आलेच नव्हते! सहाही वेळा पडले होते!"

चारी बाजूंनी "शूऽऽ!", "लाज नाही वाटत?", "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?" शेजारच्या गृहस्थांनी काकांचा सदरा धरून त्यांना खाली खेचलं.

"बसा हो, बसा," ते कानाशी कुजबुजले. "जन्मभर निवडणूक कचेरीत होतात ना? निदान तुम्हाला तरी माहीत असायला हवं!"