नाना रेघेवरून जातात

आमचे शेजारी नाना कधी रस्ता चुकत नाहीत. दुसऱ्याने चुकलेला रस्ता मात्र ते जसाच्या तसा चुकतात.

हे मला बहादरपुरला कळलं. रविवारी पहाटे आम्ही दोघं सायकलने निघालो होतो. चांगला डांबरी रस्ता सोडून नाना एकदम केळीच्या बागेत घुसले. मीही मागोमाग घुसलो. शंभर पावलांवर ठिबकच्या नळ्या आणि घोट्याएवढा चिखल. नानांनी शांतपणे सायकल उचलून वळवली आणि आलो तसे परत निघाले. मी म्हणालो, नाना, आपण चुकलो वाटतं. तर म्हणाले, "आपण कुठं चुकलो मास्तर? निखिल चुकला होता."

निखिल हा नानांचा एकुलता एक मुलगा. लग्न झाल्यावर तो पुण्याला गेला आणि त्याची सायकल इथे बुऱ्हाणपुरातच राहिली. बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची. पडून पडून टायर खराब होतील म्हणून आपण ती चालवतो, असं नाना सांगतात. नानांचं वय बासष्ट. पायजमा चेनमध्ये जाऊ नये म्हणून पोटरीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावतात. सायकलवाल्यांचं एक अ‍ॅप असतं. कोण कुठून कुठे गेला त्याची रेघ त्यात नकाशावर उमटते. निखिलच्या लग्नाआधीच्या सगळ्या रेघा त्यात आहेत, आणि त्यातली प्रत्येक रेघ गिरवायची असं नानांनी ठरवलं आहे.

गिरवायची म्हणजे अगदी गिरवायची. निखिल जिथे उसाचा रस प्यायला थांबला असेल तिथे नाना थांबतात, मग रसवाला असो वा नसो. राजघाटापाशी निखिलने कोणाची तरी वाट बघत चार फेऱ्या मारल्या होत्या, तर आम्हीही चार मारल्या. मी शाळेत भूगोल शिकवतो. मुलीची जुनी, पुढे टोपली असलेली सायकल चालवत मी दर रविवारी हे का करतो, ते माझ्या बायकोने मला बरेचदा विचारलं आहे.

नाना कागद कारखान्यात तपासणी खात्यात होते. सगळं आयुष्य कागद चोळण्यात, उजेडात धरण्यात आणि कोपरा फाडून तंतू बघण्यात गेलं. कागदाच्या वजनाला तिथे जीएसएम म्हणतात. नाना माणसांनाही तेच लावतात. आमच्या नव्या नगरसेवकाबद्दल त्यांचं मत, "छपाई चांगली आहे, जीएसएम कमी आहे." माझ्याबद्दल त्यांनी एकदा वहिनींना सांगितलं की मास्तर जाड आहे पण शाई फुटते. म्हणजे माझ्या पोटात काही राहत नाही. ते खरंच आहे, नाहीतर मी हे सगळं लिहायला बसलो नसतो.

या कोपरा फाडण्यानेच घात केला. निखिलची बायको रिद्धी इंदूरची, लग्न दोघांनी आपसात ठरवलेलं. पत्रिका छापून आल्या तेव्हा व्याह्यांनी देवापुढे ठेवलेली, कुंकू लावलेली पहिली पत्रिका ताटात घालून नानांच्या हातात दिली. नानांनी ती चोळली, खिडकीच्या उजेडात धरली आणि टर्रकन कोपरा फाडला. मग मान डोलावून म्हणाले, कागद उत्तम आहे. त्यांच्या मते ही शाबासकी होती. पण आपल्याकडे कोपरा फाडलेलं पत्र मयताची खबर द्यायला पाठवतात. त्या घरातल्या बायका रडायलाच लागल्या. बाहेर आल्यावर निखिल म्हणाला, पप्पा, आता तुम्ही फक्त अक्षता टाकायला या. नाना गेले, अक्षता टाकल्या आणि न जेवता बसने परत आले.

याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. सुनेशी तर ते कधी सुरूच झालं नाही. वहिनी रोज रात्री स्वयंपाकघरातून निखिलला फोन करतात. बाहेरच्या खोलीत नाना टीव्ही बघत असतात, आणि फोन लागला की टीव्हीचा आवाज कमी करतात.

एक तेवढं चालू आहे. रविवारी नानांची रेघ अ‍ॅपवर चढली की संध्याकाळी तिच्याखाली निखिलचा अंगठा येतो. शब्द नाही, नुसता अंगठा. तो आला की नाना फाटकातून मला हाक मारून पाऊस कधी येईल वगैरे विचारतात आणि जाता जाता म्हणतात, "अंगठा आला बरं का." सायकल चालवताना आपण कुठे आहोत ते दाखवणारं टिंबही ते फोनवर चालू ठेवतात. सुरक्षेसाठी, म्हणे. ते टिंब जगात एकाच नंबरला दिसतं, हे मी त्यांच्या फोनमध्ये बघितलं आहे.

मे महिन्यात एकच रेघ उरली, डोईफोडियाची. सगळ्यात लांब. जाऊन-येऊन ऐंशीच्या वर किलोमीटर. मी म्हटलं, नाना, ही पावसाळ्यानंतर करू. ते म्हणाले निखिल मे महिन्यातच गेला होता. ही रेघ संपल्यावर रविवारचं काय करायचं हा प्रश्न त्यांना पडला होता, हे मला दिसत होतं. अंगठा येणार कशाला?

पहाटे चारला निघालो. केळीच्या बागा होत्या तोवर गारवा होता. मग कपाशीची उघडी रानं लागली, मग पानं झडलेला साग. आठ वाजता माझ्या टोपलीतली केळी काळी पडली आणि पाणी चहाला चालेल इतकं तापलं. नऊच्या सुमाराला डोईफोडिया आलं. तिथे रेघ रस्ता सोडून एका बैलगाडीच्या वाटेने शेतात उतरत होती आणि बांधावरच्या एका आंब्यापाशी थांबत होती. थांबा चाळीस मिनिटं. ना दुकान, ना देऊळ. तो इथे कशाला बसला असेल, ते नानांनाही उमगेना. पण चाळीस म्हणजे चाळीस. शेताचा मालक येऊन विचारून गेला की तुम्ही पटवारी का? नाही म्हटल्यावर बिचाऱ्याने पाण्याची कळशी आणून दिली.

चाळीस मिनिटं झाली तसे नाना उठले आणि तसेच खाली बसले. चेहरा पांढराफटक. मी घाबरलो. कळशी त्यांच्या डोक्यावर रिकामी केली, खिशातलं मीठ-साखरेचं पाकीट बाटलीतल्या पाण्यात कालवून पाजलं. अर्ध्या-पाऊण तासाने रंग परतला, तरी त्यांना हलवायची माझी छाती होईना. तेवढ्यात माझा फोन वाजला. निखिल होता.

"काका, पप्पा ठीक आहेत ना? टिंब दीड घंट्यापासून हलून नाही राहिलं. मी तिथं चाळीसच मिनिटं बसलो होतो."

मी फोनचा स्पीकर चालू केला. नानांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि मला म्हणाले, त्याला सांग, ठीक आहे. निखिल मला म्हणाला, विचारा, टोपी ओली केली होती का? नाना मला म्हणाले, सांग, केली होती. केली नव्हती. दोघांनाही एकमेकांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता आणि मी मधे फोन धरून टपालखात्यासारखा बसलो होतो.

मग नाना म्हणाले, "मास्तर, त्याला विचार, तो इथं कशाला येऊन बसला होता."

मी विचारायच्या आत पलीकडून उत्तर आलं. "रिद्धीबद्दल तुम्हाला कसं सांगायचं, त्याचा विचार करत होतो. ठरवलं होतं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. नाही सांगितलं. भीती वाटली पप्पा."

नानांनी आंब्याच्या खोडाला हात टेकला. मला वाटलं, आता पुन्हा चक्कर येते की काय.

"एवढ्या उन्हात बसलास?" ते म्हणाले. थेट फोनला म्हणाले. "सांगायचं ना रे. मी काय खाऊन टाकलं असतं का तुला?"

मग नाना घसा खाकरून म्हणाले, सूनबाई आहे का तिथं, दे. ती आली. दोन वर्षांत नानांनी तिच्याशी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं असेल कोण जाणे. सकाळचे साडेदहा वाजले होते. नाना म्हणाले, "जेवलीस का बेटा?"

ती नाही म्हणाली. तुम्ही? नानाही नाही म्हणाले. मग कोणीच फोन ठेवेना. माझे डोळे भरून आले, ते मी घामाच्या नावावर पुसून टाकले.

शेवटी निखिलने फोन घेतला आणि ऊन उतरेपर्यंत, म्हणजे चार वाजेपर्यंत, तिथून हलायचं नाही म्हणून बजावलं. मी बघतोय इथून, म्हणाला.

दीडच्या सुमाराला आंब्याची सावली सरकली. नानांच्या पायांवर ऊन आलं, मग मांडीवर. मी म्हटलं, नाना, जरा पलीकडे सरकून बसू, दहाच पावलं.

"नको," नाना म्हणाले. "तो बघून राहिला."