घेर, मिलिमीटरमध्ये

जे मोजले गेले नाही ते घडलेच नाही, हे आधुनिक संस्कृतीचे आद्य तत्त्व आहे. पूर्वी माणूस धापा टाकू लागला की त्याला कळायचे, आपण दमलो. ही पद्धत अडाणी होती, शिवाय तिला पुरावा नसे. आता मनगटावर, खिशात किंवा सायकलच्या दांडीवर एखादे यंत्र असते आणि ते सांगेल तेव्हाच दमायचे असते.

शहाद्याच्या गिरधरआप्पांना हे तत्त्व पटवून द्यावे लागले नाही. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. ऊस घेऊन आलेला शेतकरी "आप्पा, गाडीमा माल जास्ती शे हो" म्हणून कितीही कळवळला तरी आप्पा पावती फाडत शांतपणे म्हणत, "काटा सांगी तेच खरं." तीस वर्षांत काट्याने एकदाही मत बदलले नव्हते. (शेतकऱ्यांनीही बदलले नव्हते; पण त्यांच्या मताची पावती निघत नसे.)

संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांना आप्पांच्या रक्तात साखर सापडली. साखर कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाच्या रक्तात साखर सापडावी, यात आप्पांना स्वतःला निष्ठेखेरीज काही दिसले नाही. डॉक्टरांना दिसले. त्यांनी रोज सायकल चालवायला सांगितली आणि अंमलबजावणी आप्पांच्या पत्नी रंजनाबाई यांच्याकडे सोपवली.

रंजनाबाईंनी त्याच संध्याकाळी आदेश काढला. आखाजीपर्यंत हजार किलोमीटर. झाले नाहीत तर मांडे बंद, रसही बंद.

इथे थोडे गंभीर व्हायला हवे. अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, चुलीवर खापर उपडे पडते आणि त्यावर परातीएवढा, झिरझिरीत, पुरणाने भरलेला मांडा भाजला जातो. आप्पांची एकुलती लेक रुपा तळोद्याहून यायची, मायलेकी खापरापाशी बसायच्या आणि पहिला वाफाळता मांडा, वर आमरसाची वाटी, आप्पांच्या ताटात पडायचा. वर्षाचे उरलेले दिवस आप्पा या दिवसाची वाट पाहण्यात घालवत. तेव्हा पणाला काय लागले होते, ते ध्यानात घ्यावे.

"व्हई जाईन हजार," आप्पा म्हणाले. "मी रोज सांगत जासू, आज इतलं व्हयनं म्हणीसन."

"तुमना तोंडना किलोमीटर मी धराव नही," रंजनाबाई म्हणाल्या. "यंत्र लई या."

त्यांचा अविश्वास अकारण नव्हता. आदल्या वर्षी डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. आप्पा रोज एसटी स्टॅंडपर्यंत चालत जात आणि तिथल्या गरम भज्यांनी आलेल्या शक्तीवर परत चालत येत. तीन महिन्यांत वजन चार किलोंनी वाढले होते. (कारखान्याच्या काट्यावर ही वाढ दिसली नाही, कारण तो काटा टनांत मोजतो. आप्पांनी हा मुद्दा तेव्हा मांडला होता, फेटाळला गेला.)

यंत्र मागवले भूपेशने. भूपेश शेजारचा, खतांचा दुकानदार आणि शहादा सायकलप्रेमी मंडळाचा सचिव. (सदस्य अकरा, सायकली सात, पदाधिकारी नऊ.) यंत्र बिनतारी होते. सायकलच्या दांडीवर काडेपेटीएवढा पडदा, पुढच्या चाकाच्या चिमट्यावर सेन्सर आणि चाकाच्या तारेवर एक लोहचुंबक. चाक फिरले की चुंबक सेन्सरसमोरून जाणार, सेन्सर पडद्याला हवेतून निरोप पाठवणार आणि पडदा हिशेब सांगणार. तत्त्व इतके सोपे होते, की त्यात बिघाड व्हायला भरपूर जागा होती.

पहिल्या आठवड्यात पुढील तांत्रिक प्रगती झाली. यंत्र चालूच होईना, तेव्हा बटणाएवढा सेल उलटा घालून पाहिला, सुलटा घालून पाहिला, अगरबत्तीही लावून पाहिली. शेवटी सेलखाली कारखानदाराने ठेवलेली प्लॅस्टिकची चकती सापडली. ती काढल्यावर यंत्र चालू झाले आणि ठाम शून्य दाखवू लागले. माहितीपत्रकातल्या मराठीत लिहिले होते, "चुंबक आणि सेन्सर यांच्यामध्ये जवळीक असावी." आप्पांनी इतकी जवळीक घडवून आणली, की प्रत्येक फेरीला टक्‌ आवाज होऊ लागला आणि बसस्टॅंडच्या वळणावर चुंबकाने प्राण सोडले. दुसरे चुंबक बेताच्या अंतरावर बसवल्यावर यंत्र उत्साहाने चालू लागले, इतके की सायकल ओट्यावर उभी असतानाही ताशी अडतीस दाखवू लागले. तपासाअंती स्वयंपाकघरात मिक्सर चालू असल्याचे आढळले.

"चटणीना किलोमीटर वजा करा," रंजनाबाई आतून म्हणाल्या, आणि तसे ते करण्यात आले.

मग यंत्राने स्वतःहून प्रश्न विचारले. आधी वय. आप्पांनी त्रेपन्न भरले. मग वजन. ते एक्क्याण्णव भरले. मग घेर, मिलिमीटरमध्ये.

आता कोणीही सरळमार्गी माणूस इथे काय करील? वय आप्पांचे, वजन आप्पांचे, म्हणजे घेरही आप्पांचाच. अर्जाचा सगळ्यात जुना नियम हाच, की अर्ज ज्याचा, रकाने त्याचे. शिवाय डॉक्टर महिन्यातून एकदा याच घेराला टेप लावून सुस्कारा टाकत. आप्पांनी रंजनाबाईंच्या शिलाईच्या डब्यातून टेप काढला, बेंबीवरून फिरवला, त्रेचाळीस इंचांचे मिलिमीटर केले आणि एक हजार ब्याण्णव हा आकडा भरला. यंत्राने तो मुकाट्याने स्वीकारला. ही यंत्रे फार समंजस असतात.

मग आप्पा सायकल चालवू लागले. शहादा ते सारंगखेडा मैलाच्या दगडांप्रमाणे पंधरा किलोमीटर. यंत्राप्रमाणे आठ.

आप्पा तापीच्या पुलाजवळ घाम पुसत उभे राहिले आणि विचारात पडले. दगड एक सांगतो, यंत्र दुसरे सांगते. दोघांत यंत्र नवे, त्याला सेल आहे आणि ते दशांश चिन्हासह बोलते. याचा अर्थ उघड होता: रस्ता कागदावर पंधरा होता, प्रत्यक्षात आठच केला होता. मधले सात किलोमीटर ठेकेदाराने खाल्ले होते.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर हे निवेदन झाले तेव्हा एकही माणूस म्हणाला नाही, की असे कसे होईल. सगळ्यांना पटले. "रुंदी तं कवयच खाई टाकी," कोणीतरी म्हणाले, "आते लांबी." भूपेशच्या यंत्रावर त्याच रस्त्याचे पंधरा दिसत होते, ही अडचण तेवढी होती. पण भूपेशचे यंत्र महागाचे होते आणि महाग वस्तू मालकाची खुशामत करते, हे सर्वमान्य आहे. मंडळाने ठराव केला, की दोन्ही यंत्रे निर्दोष असून रस्ता संशयास्पद आहे.

रस्ता कोणी खाल्ला असेल तो असो, हजार तर आप्पांनाच भरायचे होते. यंत्रावर रोजचे दहा दिसावेत म्हणून ते पहाटे सारंगखेड्याच्या वाटेला लागत आणि संध्याकाळी लोणखेड्याकडे. केळीच्या बागांमधून, उसाच्या ट्रॅक्टरांच्या धुळीतून आप्पा पायडल मारत राहिले. फाल्गुनात विजारी ढिल्या झाल्या. पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडावे लागले, मग त्याच्या शेजारी आणखी एक. डॉक्टरांनी टेप लावला, या खेपेला सुस्कारा टाकला नाही, पण यंत्राचा आकडा विचारून केसपेपरवर लिहिले, "व्यायाम अपुरा."

आप्पा प्रामाणिक कारकून. माहिती अद्ययावत ठेवणे त्यांच्या रक्तात होते (साखरेच्या जोडीने). दर पंधरवड्याला ते कमी झालेला घेर यंत्रात भरत. आणि दर वेळी त्याच रस्त्याचे किलोमीटर आणखी कमी होत. आठाचे पावणेआठ झाले, मग साडेसात. आप्पांना वाटले, ठेकेदार अजून खातोच आहे.

चैत्रात सारंगखेड्याला पुतण्याचे लग्न झाले. दोन दिवस वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. डॉक्टर लग्नाला नव्हते, रंजनाबाई बायकांच्या पंगतीत होत्या. तिसऱ्या दिवशी आप्पांनी वाढलेला घेर नियमाप्रमाणे भरला, सायकल काढली, आणि काय आश्चर्य! रस्ता थेट पावणेआठ. आप्पा पुलापाशीच उतरले. त्यांच्या मनात एक सिद्धांत आकार घेत होता.

आखाजीच्या सकाळी यंत्रावर सातशे बारा होते. खापर तापले होते, पुरण वाटून तयार होते आणि आप्पांच्या ताटात ज्वारीची अर्धी भाकर आणि दोडक्याची भाजी होती. तेवढ्यात तळोद्याहून रुपा आली. पिशवी दारातच टाकून ती बापाकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली.

"आप्पा! हाई काय व्हई ग्यं तुमले? कितला वाळी ग्यात! मायनी माले काहीच नही सांगं!"

"काही नही व्हयेल त्यासले," रंजनाबाई म्हणाल्या. "हजार बी नही व्हयनात आजून."

आप्पांनी भाकरी बाजूला सारली. बोलायची वेळ आली होती. "रंजना, मी एक शास्त्रनी गोट सांगस. मी उपाशी ऱ्हास तवय किलोमीटर कमी पडतस. लगनमा दोन दिन जेवनू, नी त्याच रस्ताना किलोमीटर वाढी ग्यात. मन्हा घेर वाढस तवय किलोमीटर वाढतस. म्हणजे माले मांडा खावाले दिन्हा, तं हजार लवकर व्हतीन."

खापरावरचा मांडा उलटायचा राहिला. रंजनाबाई हातातले उलथणे तसेच धरून म्हणाल्या, "कसाना घेर?"

"मन्हा. यंत्रमा भरेल शे."

"ओ रुपाना बाप," त्या सावकाश म्हणाल्या, "सायकल काय तुमना पोटवर चालस? चाकना घेर भराना व्हता, चाकना!"

घरभर मांडा करपल्याचा वास पसरला. मग रुपाने तोच शिलाईचा टेप चाकाभोवती फिरवला. दोन हजार पन्नास. मोबाइलवर हिशेब झाला. सातशे बारा म्हणजे प्रत्यक्षात तेराशेच्या वर. आप्पा पहिल्या दिवसापासून जवळजवळ दुप्पट सायकल चालवत होते आणि वर कामचोर ठरत होते.

रुपाला हसू आवरेना. रंजनाबाईंना मात्र रडू आले. "समोर मानूस वाळी ऱ्हायना," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "नी मन्हं ध्यान आकडामा!" त्यांनी करपलेला मांडा काढून टाकला, नवा टाकला आणि रसाची वाटी काठोकाठ भरली. आप्पांनी पहिला घास रसात बुडवला. त्यांनाही थोडे भरून आले होते, पण तोंडात मांडा होता.

यंत्र दुरुस्त झाले, म्हणजे त्यात चाकाचा घेर गेला. तेव्हापासून ते अचूक चालते. रोजच्या जाऊन-येऊन दहा किलोमीटरला आता सारंगखेड्याच्या वाटेवरचा पाचवा दगड पुरतो, सबब आप्पा तिथूनच वळतात. संध्याकाळी लोणखेड्याला जाण्याचे कारणच उरले नाही. दिवाळीपर्यंत आप्पा पट्ट्याच्या मूळ भोकावर परत आले. डॉक्टरांनी अचूक आकडा पाहून केसपेपरवर लिहिले, "व्यायाम समाधानकारक," आणि गोळी वाढवली.

सायकलप्रेमी मंडळाने या प्रकरणाचा सखोल अभ्यास केला. चुकीच्या यंत्राने माणूस बारीक झाला व बरोबर यंत्राने जाड, हे निर्विवाद असल्याने यापुढे प्रत्येक सदस्याने यंत्रात स्वतःच्याच पोटाचा घेर भरावा, असा ठराव एकमताने संमत झाला. मापे घेण्याचा कार्यक्रम रविवारी भूपेशच्या दुकानात, युरियाच्या पोत्यांजवळ पार पडला. अकराही सदस्य पोट आत ओढून, श्वास रोखून, छताकडे बघत उभे राहिले आणि अकराही जणांचा घेर अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरला. सचिवांनी सर्वांचे अभिनंदन केले.

यात हसण्यासारखे काही नाही. आपणही आत्ता, हे वाचता वाचता, पोट जरासे आत ओढून घेतले आहे. सोडा आता. इथे टेप घेऊन कोणी उभे नाही.